पावसाळ्यात आरपीएम पडतात, खाली आल्यावर इंजिन ठणठणीत: कार्ब्युरेटरमधला बर्फ कसा शोधायचा

जूनचा दुसरा आठवडा उलटला की स्नॅग बुकात (विमानाच्या तक्रारींच्या वहीत) तीच ओळ यायला लागते: ‘उड्डाणात इंजिन रफ, आरपीएम ड्रॉप,’ म्हणजे इंजिन खडखडतं आणि त्याचे मिनिटाला होणारे फेरे कमी होतात. शेजारच्या दुरुस्तीच्या रकान्यात उत्तरही तेच असतं: ‘ग्राउंड रन केला, सर्व नॉर्मल.’ विमान पुन्हा उडतं, आठवड्याभरात पुन्हा तीच ओळ. मग कोणीतरी प्लग बदलतं, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) उतरवतं, शेवटी कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) ओव्हरहॉलला जातो. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की तक्रार आपोआप थांबते आणि शेवटी जो भाग बदलला त्यालाच श्रेय मिळतं. पुढच्या जूनमध्ये पहिल्यापासून सुरुवात.

मी पिस्टन इंजिनांवर काम करणारा एएमई (विमान देखभाल अभियंता) आहे आणि हा एकच दोष इतक्या वेळा हाताळलाय की आता कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी मी बाकी सगळं बघतो. अडचण अशी की या दोषात पुरावाच वितळून जातो. विमान उतरतं, टॅक्सी करतं, इंजिन बंद होतं आणि काउलिंगखाली (इंजिनाच्या आवरणाखाली) कोंडलेल्या उष्णतेत उरलासुरला बर्फ निघून जातो. आपण स्क्रू ड्रायव्हर घेऊन पोहोचतो तेव्हा आत पाण्याचा थेंबसुद्धा नसतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. फुकटची तपासणी आधी, खर्चाची शेवटी.

हे सगळं कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनांसाठी आहे: सेसना १५०, १५२, जुनी १७२, पायपर चेरोकी आणि त्यांची भावंडं. १९९६ पासूनच्या सेसना १७२आर आणि त्यानंतरच्या १७२एस यांना फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांत कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, नॉबच नसतो, त्यामुळे तिथे शोध दुसरीकडून सुरू करावा लागतो. पंखांवर बसणारा बर्फ हाही वेगळा विषय. तो ढगात आणि शून्याखालच्या तापमानात बसतो. मी सांगतोय तो बर्फ बारामतीला किंवा कराडला, २५ अंशात, घामाने शर्ट भिजलेला असताना तयार होतो.

लक्षणं

फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन पक्का असलेला) प्रोपेलर असेल तर थ्रॉटलला (पॉवर कमी-जास्त करणाऱ्या नॉबला) हात न लावता आरपीएम हळूहळू उतरतात. २४०० चे २३५०, काही मिनिटांनी २३००. झटका नाही, आवाज नाही. इथे एक गोष्ट सगळ्यांकडून निसटते. वैमानिकाचा हात नकळत थ्रॉटल जरा जरा पुढे सरकवत राहतो आणि काटा जागेवर दिसतो. म्हणून ‘आरपीएम पडले का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘थ्रॉटल सुरुवातीला कुठे होतं आणि शेवटी कुठे होतं?’ हेही विचारा. कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर असेल तर गव्हर्नर पात्यांचा कोन बदलून आरपीएम धरून ठेवतो, तिथे मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेचा दाब) उतरतं.

दुसरं लक्षण उतरताना दिसतं. थ्रॉटल मागे ओढून चार-पाच मिनिटं खाली येता, फायनलवर (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात) पॉवर द्यायला जाता आणि इंजिन अडखळतं किंवा प्रतिसादच देत नाही. तिसरं जमिनीवरचं. पाऊस नुकताच थांबलाय, धावपट्टीच्या कडेचं गवत ओलंचिंब आहे, होल्डिंग पॉइंटला (धावपट्टीआधीच्या थांब्यावर) दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे इंजिन अगदी मंद ठेवून, थांबलात, मग टेक-ऑफला पूर्ण थ्रॉटल देऊनही विमान जड वाटतं.

इंजिन मॉनिटर असेल तर सगळ्या सिलिंडरांचं ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) एकदमच उतरताना दिसतं. हवेची वाट अरुंद झाली की मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतं, ते चारही सिलिंडरांना सारखंच.

आणि ही लक्षणं बर्फाची नव्हेत: एका क्षणात धक्का बसून आरपीएम पडणं, फक्त एका मॅग्नेटोवर रफ चालणं, फक्त आयडलवर थरथरणं, सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटं एक सिलिंडर मेल्यासारखं वाटणं. यांची कारणं पुढे येतील.

हवेत असताना

कार्ब हीटचा नॉब पूर्ण बाहेर ओढा. अर्धा नाही, पूर्ण. आरपीएम आणखी पडतील, कारण गरम हवा विरळ असते आणि मिश्रण आणखी रिच होतं. बर्फ असेल तर वितळलेलं पाणी सिलिंडरांत जाईल आणि इंजिन खोकल्यासारखं करेल. याच क्षणी नवखा वैमानिक घाबरून नॉब परत आत ढकलतो. ढकलू नका. बर्फ सुटला की आरपीएम वर येतात. अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) २००९ मध्ये कार्ब्युरेटर आयसिंगवर जी सूचना काढली, तिचाही गाभा हाच होता: ताबडतोब पूर्ण हीट, आणि सुरुवातीचा रफपणा सहन करा.

उशीर का नको, तर ही उष्णता एक्झॉस्टमधून येते. बर्फाने इंजिन गुदमरून बंद पडलं की मफलर थंड व्हायला लागतो, आणि ज्या उष्णतेने बर्फ वितळवायचा तीच संपते.

२५ अंशात बर्फ होतोच कसा

माठातलं पाणी गार होतं तसाच. माठाच्या अंगावरून पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल बारीक तुषार होऊन उडतं आणि ती उष्णता हवेकडून आणि धातूकडून ओढून घेतं. शिवाय व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब कमी होतो, त्यानेही ती थंड होते. दोन्ही मिळून तापमान ३० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर २५ असेल तर आत शून्याखाली. हवेत बाष्प भरपूर असलं की ते थ्रॉटलच्या बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकतीच्या) कडेवर दहिवरासारखं जमतं. थ्रॉटल जितकं बंद, तितकी फट लहान, म्हणून उतरताना धोका सगळ्यात जास्त. एफएएच्या पाठ्यपुस्तकात ३८ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेपर्यंत शक्यता दिलेली आहे. आपल्या पावसाळ्यातली २५ अंशांची हवा आणि २२ अंशांचा दवबिंदू कार्ब्युरेटर आयसिंगच्या तक्त्यावर मांडून बघा. उतरतानाच्या पॉवरवर ती जोडी गंभीर आयसिंगच्या पट्ट्यात पडते.

इंजिनागणिकही फरक असतो. लायकमिंगचा कार्ब्युरेटर बहुतेक ठिकाणी ऑइल सम्पच्या (तेल साठण्याच्या भागाच्या) खाली बसवलेला असतो, गरम तेलाची ऊब त्याला मिळते. सेसना १५० मधल्या कॉन्टिनेंटल ओ-२०० ला ती मिळत नाही, म्हणून ते इंजिन या बाबतीत जास्त नाजूक. मोटारीचं पेट्रोल चालवायची परवानगी असलेली विमानं परदेशात आहेत. ते पेट्रोल लवकर उडतं, त्यामुळे तिथे बर्फही लवकर होतो.

पहिली तपासणी: वही आणि पेन

विमान उतरल्या उतरल्या, वैमानिक कँटीनकडे वळायच्या आत, त्याच्याकडून हे लिहून घ्या: किती वाजता, किती उंचीवर, बाहेरचं तापमान, त्या वेळच्या मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) दवबिंदू, थ्रॉटल आणि मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) कुठे होतं, कार्ब हीट ओढली का, ओढल्यावर काय झालं.

या शेवटच्या प्रश्नातच अर्धं निदान असतं. ‘सर, ओढली. आधी खूप हलायला लागलं, मग एकदम सुरळीत झालं,’ असं विद्यार्थी म्हणाला तर तो बर्फच होता. वितळला. इंजिनात दोष असेलच असं नाही, हीट उशिरा ओढली गेली असेल. ‘ओढली, पण फार काही फरक पडला नाही,’ असं म्हणाला तर माझे कान टवकारतात. एकतर बर्फ नव्हता, किंवा हीट पोहोचतच नव्हती. पुढचं सगळं काम या दोघांतलं कोणतं खरं, हे ठरवण्याचं.

विद्यार्थ्याला दम देऊन विचारलंत तर तो ‘ओढली होती’ असंच सांगेल. शांतपणे विचारा, खरी माहिती मिळते.

दुसरी: रन-अपमधला आकडा

यालाही पैसे लागत नाहीत. रन-अपला (टेक-ऑफआधीच्या इंजिन चाचणीत), सेसना १७२ असेल तर १७०० आरपीएमवर, कार्ब हीट पूर्ण ओढा आणि दहा-पंधरा सेकंद तशीच ठेवा. बहुतेक जण ओढतात, काटा हलला की परत ढकलतात, ‘चेक्ड’ म्हणतात. त्यातून काहीच कळत नाही.

तीन गोष्टी बघायच्या. एक, ड्रॉप किती? मी सांभाळलेल्या लायकमिंगवाल्या १७२ मध्ये तो साधारण ७५ ते १२५ च्या दरम्यान असतो, पण खरा उपयोग त्याच विमानाच्या नेहमीच्या आकड्याचा. नेहमी १०० पडणारं विमान आज ४० च पडत असेल तर गरम हवा पुरेशी येत नाहीये. दोन, ओढून ठेवल्यावर ड्रॉप स्थिर राहतो की सावकाश वर चढतो? चढत असेल तर टॅक्सीतच बर्फ जमला होता. तीन, नॉब आत ढकलल्यावर आरपीएम आधीच्या आकड्यावर येतात की त्याहून वर? वर गेले तर तोही बर्फाचाच पुरावा, आणि तो डोळ्यांसमोर मिळालेला.

ही तपासणी धुळीत करू नका. कार्ब हीटची हवा फिल्टरमधून येत नाही, सरळ इंजिनात जाते. मार्च-एप्रिलमध्ये धुळ्यासारख्या ठिकाणी टॅक्सीभर हीट ओढून ठेवणं म्हणजे सिलिंडरांना पॉलिश पेपर लावणं.

तिसरी: पेट्रोलातलं पाणी आणि टाकीची झाकणं

बर्फ आणि पाणी, दोघांचाही हंगाम एकच, म्हणून गल्लत होते. फरक असा की पाण्याने इंजिन अचानक अडखळतं, बहुधा टेक-ऑफनंतर लगेच किंवा विमान कललं की, आणि कार्ब हीटने फरक पडत नाही.

प्रत्येक ड्रेनमधून नमुना काढा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरा. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, पाणी खाली बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. कप पूर्ण पाण्यानेच भरला असेल तर रेघ दिसत नाही, म्हणून रंग बघा आणि वास घ्या. विमान रात्रभर पावसात उभं असेल तर झाकणांचे रबर सील बोटांनी चाचपा. कडक, भेगाळलेला सील म्हणजे पाण्याला उघडी वाट. सील स्वस्त असतो, तो बदलायला कोणाचीही मनधरणी करावी लागू नये. तिसऱ्या-चौथ्या नमुन्यातही पाणी येतच असेल तर विमान उडवू नका. ते टाकीत कुठेतरी साठलेलं आहे, आणि टाकी रिकामी करून बघणं हे परवानाधारकाचं काम.

चौथी: एअर फिल्टर

कागदी फिल्टर पावसात भिजून फुगला की हवा अडते. लक्षण बर्फासारखंच, आरपीएम हळूहळू कमी. पण कार्ब हीट ओढली की फिल्टरला वळसा मिळतो, त्यामुळे इंजिन *लगेच* सुधारतं, मधला खोकला येत नाही. खोकला नसणं ही इथली खूण. भिजलेला, मळलेला, कडेने सुटलेला फिल्टर सरळ बदला.

पाचवी: मॅग ड्रॉप आणि प्लग

इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात, ती एकेक बंद करून आरपीएम किती पडतात ते बघायचं. सेसना १५२ आणि जुन्या १७२ च्या हँडबुकात १७०० आरपीएमवर एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त ड्रॉप नको आणि दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको, असं आहे. आकड्याइतकाच पडण्याचा ढंग महत्त्वाचा. मऊपणे पडून स्थिर राहिलं तर बरं. पडताना इंजिन हादरत असेल तर एखादा प्लग चालत नाहीये.

पावसाळ्यात विद्यार्थी पाऊस थांबायची वाट बघत आयडलवर बसतात, मिक्श्चर पूर्ण रिच. १००एलएलमधलं शिसं प्लगच्या तळाशी साठतं, बहुधा खालच्या प्लगमध्ये. रन-अपला १८००-२००० वर एखादा मिनिट मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) करून चालवलं की हलका मळ जळून जातो. नाही गेला तर प्लग काढून साफ करायचे, गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच बघायची आणि मीटरने रेझिस्टन्स मोजायचा. ५००० ओहमच्या वर गेला की मी तो प्लग परत बसवत नाही, दिसायला नवा असला तरी.

अमेरिकेत स्वतःचं विमान असलेल्या वैमानिक वाचकांना प्लगपर्यंतचं काम स्वतः करता येतं, त्यांच्या नियमांत ते प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्समध्ये मोडतं. भारतात तसं करू नका. बघा, लिहा, एएमईला सांगा.

आणि एक धोक्याची खूण. एखाद्या मॅग्नेटोवर ड्रॉप *अजिबात* येत नसेल तर ती चांगली बातमी नाही. पी-लीड (स्विचने मॅग्नेटो बंद करणारी तार) तुटली असेल तर ते मॅग्नेटो स्विच बंद केल्यावरही जिवंत राहतं आणि हाताने प्रोपेलर फिरवला तरी इंजिन पेटू शकतं. प्रोपेलरजवळ कोणालाही जाऊ देऊ नका, तिथेच थांबा.

सहावी: कार्ब हीटची केबल, फ्लॅपर आणि होज

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण वारंवार येणारा दोष बहुतेक वेळा इथेच सापडलाय.

एका सेसना १७२ वर वीस दिवसांत तीनदा तीच तक्रार आली होती. प्लग बदलून झाले होते. कार्ब्युरेटरही बदलून झाला होता. चौथ्यांदा ती माझ्यासमोर आली तेव्हा मी इंजिन सुरूच केलं नाही. काउलिंग उतरवलं, आमच्या हेल्परला कॉकपिटमध्ये बसवलं आणि टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खाली एअरबॉक्सशी (कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या पेटीशी) वाकलो.

‘ओढ.’

‘ओढला, काका.’

‘पूर्ण ओढलास?’

‘पूर्ण बाहेर आलाय नॉब.’

आरशात फ्लॅपर (गरम आणि थंड हवेची वाट बदलणारी झडप) अर्ध्यावर थांबलेला दिसत होता. नॉब पूर्ण बाहेर, फ्लॅपर अर्धा. पुन्हा ढकलायला सांगितलं आणि या वेळी केबलच्या बाहेरच्या आवरणावर बोट ठेवलं. नॉब हलला की आतली तार सरकायच्या आधी आवरणच क्लॅम्पमधून सरकत होतं, करंगळीच्या नखाइतकं. क्लॅम्पखाली धातू घासून चकचकीत झाला होता. म्हणजे कॉकपिटमधला माणूस आपलं काम चोख करत होता आणि इंजिनाला अर्धी गरम, अर्धी थंड हवा मिळत होती. बर्फ वितळवायला ती अपुरी. उलट फार थंड हवेत अशी अर्धवट ऊब तापमान नेमकं बर्फ जमायच्या टप्प्यात आणून ठेवते. क्लॅम्प बदलला, केबल पुन्हा रिग केली, रन-अपला ड्रॉप ४० वरून १०० झाला. त्या पावसाळ्यात ती ओळ त्या विमानाच्या पुस्तकात परत आली नाही.

तर बघायचं असं: नॉब पूर्ण आत ढकलल्यावर पॅनेलपाशी थोडी मोकळी जागा राहते का? ती राहायला हवी. नॉब पॅनेलला टेकून थांबत असेल तर फ्लॅपर थांब्यापर्यंत पोहोचलाय याची खात्री देता येत नाही. दोन्ही टोकांना फ्लॅपर आपल्या थांब्याला टेकतो का? त्याचा दांडा बुशमध्ये खडखडतो का? कडेचा सील जागेवर आहे का? सील झिजला की उलटा त्रासही होतो. नॉब आत असूनही गरम हवा गळत राहते आणि इंजिन कायम थोडं अशक्त वाटतं. याची पारख स्टॅटिक आरपीएमवरून (विमान जागेवर उभं, थ्रॉटल पूर्ण) करा. १७२एनच्या हँडबुकात तो २२८० ते २४०० दिलाय, कार्ब हीट बंद ठेवून.

मग मफलरच्या श्राउडपासून (त्याभोवतीच्या पत्र्याच्या आवरणापासून) एअरबॉक्सपर्यंत येणारा तो लालसर स्कॅट होज, म्हणजे गरम हवेची लवचीक नळी. बाहेरून शाबूत दिसतो, पण हाताने पूर्ण फिरवून मागची बाजू बघा, दाबून बघा. आतली तार मोडून तो चपटा झालेला असतो, किंवा काउलिंगला घासून मागे भोक पडलेलं असतं. क्लॅम्प सैल असेल तर गरम हवा काउलिंगमध्येच सांडते.

एअरबॉक्सचे रिव्हेट आणि स्क्रूही मोजा. तिथून सुटलेला तुकडा सरळ कार्ब्युरेटरच्या तोंडात जातो. एखादा जरी कमी असेल तर तो सापडेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही.

सातवी: मफलर

केबल ठीक, फ्लॅपर ठीक, होज ठीक, तरी ड्रॉप कमी असेल तर उष्णतेच्या मुळाशी जावं लागतं. श्राउड उतरवून मफलर बघायचा: भेगा, वेल्डजवळ करड्या-पांढऱ्या रेघा, फुगवटे. आतली पत्र्याची रचना मोडून एक्झॉस्टची वाट अडली तर पॉवर कमी होते, आणि हा दोष एका उड्डाणात असतो, दुसऱ्यात नसतो, कारण तुकडा आत फिरत असतो.

ही तपासणी बर्फापेक्षाही मोठ्या कारणासाठी करायची. याच मफलरभोवतीची हवा केबिन हीटलाही जाते. भेग म्हणजे केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. वैमानिकाला डोकं जड वाटत होतं असं कोणी सहज बोललं तरी मी विमान ग्राउंड करतो. मफलरमध्ये हवा भरून साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघण्याची चाचणी एएमईने करायची, घरगुती उपाय इथे चालत नाहीत.

आठवी: इंडक्शनमधली गळती

हे थोडक्यात. आयडलवर थरथर, पॉवर वाढवली की सुरळीत, असं असेल तर इनटेक पाइपांच्या रबरी जोडण्या आणि गॅस्केट बघा. आयडलला आत निर्वात जास्त असतो, म्हणून बाहेरची हवा तेव्हाच जास्त ओढली जाते. जोडांपाशी निळसर डाग म्हणजे पेट्रोल झिरपल्याची खूण. इंजिन बंद करताना मिक्श्चर सावकाश ओढून आरपीएम किती चढतात तेही बघा. फारसे चढलेच नाहीत तर आयडल मिश्रण लीन आहे, आणि त्याचं कारण गळती असू शकतं.

इथे थांबा

यापुढचं काम परवान्याशिवाय कोणी करू नये आणि परवाना असला तरी योग्य हत्यारांशिवाय करू नये: मॅग्नेटोचं टायमिंग आणि आतली तपासणी, व्हॉल्व्ह चिकटण्याची शंका, कार्ब्युरेटर उघडणं. वर सांगितलेलं सकाळचं ‘मेलेलं सिलिंडर’ लायकमिंगमध्ये बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकण्याचं लक्षण असतं. त्यासाठी कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन ३८८ आहे, त्यातल्या रीतीनेच ते तपासायचं. अडकलेला व्हॉल्व्ह उड्डाणात पुशरॉड वाकवू शकतो, म्हणून ‘पाच मिनिटांत ठीक होतं’ म्हणून सोडून देऊ नका. भारतात या कामांनंतर सीएआर-६६ (एएमईंच्या परवान्याचे नियम) खालच्या बी१.२ (पिस्टन विमानांच्या) परवान्याच्या, त्या विमानासाठी अधिकृत एएमईची सही लागते. तीन तपासण्यांतून काहीच निष्पन्न झालं नाही आणि तक्रार दुसऱ्यांदा आली, तर विमान ग्राउंड करा. ‘आणखी एक सर्किट मारून बघू’ हा उपाय नाही. खाली शेत आहे की वस्ती, हे इंजिन विचारत नाही.

अपग्रेड करायचं असेल तर

मालक विचारतात, एवढा त्रास कायमचा जाईल असं काही बसवता येईल का? येतं, पण प्रत्येक वस्तू वेगळ्या दुखण्यावरची आहे.

कार्ब्युरेटर टेंपरेचर गेज सगळ्यात आधी. प्रोब थ्रॉटलजवळ बसतो आणि डायलवर उणे १५ ते अधिक ५ अंशांचा पिवळा पट्टा असतो. काटा पट्ट्यात शिरला आणि हवा दमट असेल तर बर्फ जमायच्या आधीच कळतं. गेज असेल तरच अर्धवट हीट वापरण्याला अर्थ आहे, काटा पट्ट्याच्या वर ठेवायचा म्हणून.

त्यानंतर चारही सिलिंडरांचं ईजीटी आणि सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) दाखवणारा आणि नोंद ठेवणारा इंजिन मॉनिटर. पुरावा वितळतो ही या दोषाची मुख्य अडचण, तर हा मॉनिटर पुरावा साठवून ठेवतो. चारही ईजीटी एकत्र उतरले तर हवेची वाट अडली. एकाच सिलिंडरचं ईजीटी *वर* गेलं तर त्याच्या दोन प्लगपैकी एक मेला, कारण एकाच ठिणगीने ज्वलन रेंगाळतं आणि जळता वायू एक्झॉस्टपर्यंत पोहोचतो. ‘ग्राउंड रन नॉर्मल’ लिहून हात झटकायची सोय मग उरत नाही.

एका मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर इंजिन सहज सुरू होतं, ठिणगी जोरदार मिळते, प्लग कमी मळतात. बर्फावर त्याचा परिणाम शून्य. हे आधी सांगावं लागतं, नाहीतर जूनमध्ये निराशा होते. इंजेक्शन आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हवं असेल, तर ते त्याच पद्धतीने घडवलेल्या इंजिनातच नीट मिळतं. रोटॅक्सने २०१२ मध्ये ९१२आयएस आणलं, त्यात दुहेरी नियंत्रणाचं इंजेक्शन आहे. डायमंड डीए-४० एनजीचं ऑस्ट्रो इंजिन जेट ए-१ वर चालतं आणि त्याला एकच पॉवर लिव्हर. तिथे कार्ब्युरेटर नाही, मिक्श्चर नाही, कार्ब हीटही नाही. पण ते विमानच वेगळं. जुन्या १७२ वर काहीही कायमचं बसवायचं तर त्या मॉडेलसाठीचं एसटीसी (बदलाचं मंजुरीपत्र) आणि डीजीसीएची (आपल्या विमान वाहतूक नियामकाची) मान्यता हवी, कागद हातात येईपर्यंत पॅनेलला भोक पाडायचं नाही.

आमच्याकडे मात्र सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे प्रत्येक विमानाच्या चेकलिस्टला डकवलेली एक पांढरी पट्टी. त्यावर त्या विमानाचा कार्ब हीटचा ड्रॉप आणि शेवटचा मोजल्याचा दिवस लिहिलेला असतो. वर सांगितलेल्या त्या १७२ च्या पट्टीवर १०० होतं. यंदा जूनमध्ये एका विद्यार्थिनीने उड्डाणाआधीच परत येऊन सांगितलं, ‘सर, आज ७० च पडले, दोनदा बघितलं.’ काउलिंग उघडलं. स्कॅट होजला मागच्या बाजूला, दिसत नाही अशा ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं.